सुरगाणा का सापडत नाही?

क्रमवार यादीतून नोंद शोधण्याची 'बायनरी सर्च', म्हणजेच द्विभाजन शोध, ही रीत क्रमिक पुस्तकांत सहसा एका आकृतीत उरकलेली असते. सात-आठ चौकोन, त्यांत चढते आकडे, मधल्या चौकोनाकडे बाण. दोन-तीन पायऱ्यांत आकडा सापडतो आणि धडा संपतो. आकृती चूक नाही, पण ती फक्त सोपी बाजू दाखवते. मधल्या नोंदीशी तुलना करून अर्धी यादी वगळायची, हे शब्दकोश चाळणाऱ्या मुलाला शिकवावे लागत नाही. खरी अडचण यादीच्या टोकांशी आहे.

नाशिक जिल्ह्याचे १५ तालुके अकारविल्हे लावू : इगतपुरी, कळवण, चांदवड, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, देवळा, नांदगाव, नाशिक, निफाड, पेठ, बागलाण, मालेगाव, येवला, सिन्नर, सुरगाणा. बरोबर मध्ये, आठवे, नाशिकच आले! (नाशिककरांना यात नवल वाटणार नाही.) कोणताही तालुका जास्तीत जास्त चार तुलनांत सापडायला हवा.

सुरगाणा शोधू. खालची हद्द १, वरची १५, मध्य ८. सुरगाणा नाशिकच्या पुढे, म्हणून खालची हद्द सरकवायची. कुठे? ९ वर. पुष्कळ विद्यार्थी ती ८ वरच ठेवतात. मग मध्य येतो ११, १३, १४ आणि पुन्हा १४, कारण १४ व १५ यांच्या सरासरीतला अपूर्णांक संगणक टाकून देतो. आज्ञावली सिन्नरलाच घुटमळत राहते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. 'खालची हद्द वरचीपेक्षा लहान असेपर्यंत शोधा' असे लिहिले, तर दोन्ही हद्दी १५ वर येताच, सुरगाण्याशी तुलना न करताच, शोध थांबतो. विषम क्रमांकाचे आठही तालुके अशाच रीतीने 'नाहीत' ठरतात. शिक्षकांनी तपासायला नाशिक आणि पेठ दिले, तर मात्र पूर्ण गुण! अट 'लहान किंवा समान' अशीच हवी.

यादीत नसलेले नावही द्यावे. सटाणा हे बागलाणचे मुख्यालय, पण तालुक्याचे नाव नव्हे. मध्य क्रमाने ८, १२, १४, १३ येतो. मग खालची हद्द १४, वरची १३. हद्दींनी एकमेकींना ओलांडले, म्हणजे नोंद नाही. हा तक्ता फळ्यावर मांडायला दहा मिनिटे पुरतात. परीक्षेत आकृती काढायला सांगण्यापेक्षा हाच तक्ता विचारावा.

या चुका नवशिक्यांच्याच म्हणता येत नाहीत. डोनाल्ड कनुथ यांच्या नोंदीनुसार ही रीत १९४६ मध्ये मांडली गेली, पण कोणत्याही लांबीच्या यादीवर चालणारे तिचे रूप प्रसिद्ध व्हायला १९६० उजाडले. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जावा भाषेच्या प्रमाण संग्रहातील आज्ञावलीतही दोष असल्याचे जाहीर केले. प्रचंड यादीत दोन हद्दींची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की उत्तर ऋण येई. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही हद्दींची बेरीज न करता, त्यांच्यातील फरकाचे अर्धे खालच्या हद्दीत मिळवणे.