हिरवा, पण कुठला हिरवा?

टेबलावर 1:72 मापाच्या स्पिटफायरचे सुटे भाग पसरलेत. शेजारी रंगाच्या इवल्याशा बाटल्या, आणि खोक्यातून निघालेला सूचनांचा घडीचा कागद. दुसऱ्या महायुद्धातलं ऑस्ट्रेलियन हवाई दलाचं विमान. कागद म्हणतो, वरून हिरवा आणि तपकिरी, खालून आकाशी, पंखांवर निळं-पांढरं वर्तुळ. प्रत्येक रंगापुढे बाटलीचा क्रमांक. शंकेला जागाच नाही.

माझी तक्रार नेमकी याच गोष्टीबद्दल आहे. रंग चुकला असेल तर तो दुरुस्त करता येतो. पण हा कागद त्याला हे कसं कळलं ते सांगतच नाही. तुम्ही एखाद्या शोधनिबंधात असं विधान वाचलंत तर समासात लगेच लिहाल, ‘आधार काय?’ खेळण्याच्या खोक्याला मात्र आपण ही सवलत सहज देतो. देऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

आधी कागदाच्या बाजूने बोलू. नावं त्याने खरी दिली आहेत. ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या युद्धकाळातल्या रंगांना स्वतःचे क्रमांक होते: फोलिएज ग्रीन के3/177, अर्थ ब्राऊन के3/178, स्काय ब्लू के3/195. म्हणजे इंग्लंडहून आलेला हिरवा इथे तसाच चालवला नाही, इथल्या झाडोऱ्यासाठी वेगळा हिरवा ठरवला. या कामामागचे लोकही पाहण्यासारखे आहेत. युद्धकाळात देशाच्या कॅमोफ्लाजचे तांत्रिक प्रमुख होते विल्यम डेकिन, सिडनी विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याबरोबर चित्रकार होते, आणि मॅक्स ड्युपेनसारखे छायाचित्रकारही. पाठ गडद आणि पोट फिकट ठेवायची युक्ती माशांची आणि पक्ष्यांची आहे. ती प्राणिशास्त्रज्ञाला कुणी शिकवायला नको.

पण क्रमांक म्हणजे रंग नव्हे. के3/177 हा हुकूम आहे. प्रत्यक्ष विमानावर काय चढलं ते ठरवलं त्या दिवशी भांडारात असलेल्या डब्याने, तो किती पातळ केला त्याने, आणि मग डार्विनच्या उन्हाने. 1943 च्या सुरुवातीला 54, 452 आणि 457 या स्क्वाड्रन डार्विनच्या बचावासाठी उतरल्या, तेव्हा त्यांची स्पिटफायर बोटीतून, ब्रिटिश रंग लावूनच आली होती. त्यातला कुठला रंग ठेवला, कुठल्यावर इथला हिरवा मारला, यावर अभ्यासक आजही भांडतात. त्यात धूळ, तेलाचे ओघळ, आणि गोळीचं भोक बुजवल्यावर मारलेला ताज्या रंगाचा ठिगळ. एकाच रांगेतली दोन विमानं दोन हिरव्यांची असणं अगदी शक्य आहे. कागदावर मात्र एकच बाटली!

‘मग फोटो बघा की,’ तुम्ही म्हणाल. बघूया. बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, आणि कृष्णधवल फोटो रंगांबद्दल चक्क चकवतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही, त्यामुळे लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिकट. तोच निळा पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, पिवळा फिल्टर लावून टिपला तर गडद होतो. म्हणजे विमान एकच, चिन्ह एकच, आणि दोन फोटोंत दोन निळे. हल्ली अशा फोटोंना संगणकाने रंग भरून मिळतात. ते सुंदर दिसतात, पण पुरावा म्हणून शून्य. संगणकाने आधी पाहिलेल्या हजारो हिरव्यांवरून तो एक हिरवा सुचवलेला असतो. त्यावरून मॉडेल रंगवणं म्हणजे अफवेला साक्षीदार म्हणून उभं करणं.

‘मग खरं विमानच बघा.’ इथे तर जास्तच सावध राहा. ऑस्ट्रेलियातली दोन स्पिटफायर शेजारी ठेवून पाहू. एक कॅनबेराच्या वॉर मेमोरियलच्या संग्रहातलं पी7973. युद्धकाळातला मूळ रंग ज्यांच्यावर टिकलाय अशा जगातल्या मोजक्या स्पिटफायरपैकी ते एक. त्याचा पत्रा हाच दस्तऐवज. पण ते उडालं युरोपच्या आकाशात. त्यावरून डार्विनचा हिरवा कळणार नाही.

दुसरं न्यू साउथ वेल्समधल्या टेमोराचं ए58-758. हे आजही उडतं, आणि नाकावर 457 स्क्वाड्रनचा प्रसिद्ध ‘ग्रे नर्स’ शार्कचा जबडा घेऊन उडतं. देखणं आहे, वाद नाही. पण तो साज बॉबी गिब्स यांच्या विमानाचा आहे. ए58-758 स्वतः लढाईत उतरलंच नाही. म्हणजे विमान खरं, साजही खरा, पण या विमानाने तो युद्धात कधी घातला नव्हता. टेमोराने हे लपवलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यावर आरोप नाही. आरोप आपल्यावर आहे. आपण तिथे फोन काढतो, फोटो घेतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘मी खरं बघून रंगवलं.’ तुम्ही पाहिलात तो आजच्या कारखान्यातला, आजचा रंग.

‘छंद आहे बाबा, इतकं काय मनाला लावून घ्यायचं?’ हे ऐकायला मिळणारच. हिरव्याच्या छटेबद्दल मी ते मान्यही करेन. शिवाय लहान मॉडेल आपण 30 सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे 1:72 च्या हिशेबाने खरं विमान 21.6 मीटरवरून बघितल्यासारखं. त्या अंतरावर हवा रंग थोडा फिकट करते. म्हणून जुनेजाणते लोक रंगात किंचित पांढरा मिसळतात. तेव्हा डब्याशी तंतोतंत जुळणारा रंगसुद्धा डोळ्याला खोटा वाटू शकतो. इथे अंदाजाला जागा आहे, आणि मजाही त्यातच आहे.

पण पंखावरचं वर्तुळ बघा. ब्रिटिश पद्धतीच्या वर्तुळात मधोमध लाल ठिपका असायचा. जपानी विमानावर लाल गोळा. काही सेकंदांत निर्णय घेणाऱ्या तोफवाल्याला एवढासा लालही पुरेसा होता. म्हणून 1942 पासून पॅसिफिकमध्ये ऑस्ट्रेलियाने लाल पुसला. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही तो गेला आणि दोन निळ्यांची लहान वर्तुळं आली. आपल्या भारतीय वैमानिकांनी उडवलेल्या विमानांवरही तीच. मॉडेलवर डार्विन 1943 लिहून मधे लाल ठिपका चिकटवलात तर तो नुसता रंगाचा तपशील राहत नाही. आपल्याच माणसाची गोळी लागू नये म्हणून केलेली गोष्ट तुम्ही पुसून टाकता.

तारखेचंही तसंच. 1946 मध्ये भारतीय हवाई दलाची 4 नंबर स्क्वाड्रन स्पिटफायर घेऊन राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर जपानमध्ये गेली. त्याच फौजेत ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रन मस्टँग उडवत होत्या. तुमचे दोन्ही देश एकाच मॉडेल-कपाटात ठेवायचे तर याहून चांगली जोडी नाही. पण ब्रह्मदेशातल्या 1944 च्या फोटोवरून 1946 च्या जपानमधलं चिन्ह ठरवू नका. मधे युद्ध संपलं होतं.

मराठी माणसाला हा धडा नवा नाही. शिवाजी महाराजांचं म्हणून एक भलतंच चित्र लोक कित्येक वर्षं श्रद्धेने लावत होते. ते इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं असल्याचं वा. सी. बेंद्रे यांनी दाखवलं, आणि डच नोंदींमधून महाराजांचं चित्र पुढे आणलं. लोकांच्या श्रद्धेत खोट नव्हती. ‘हे चित्र आलं कुठून?’ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, एवढंच. आदराने लावलेली चुकीची गोष्टही चुकीचीच राहते.

मग करायचं काय? ‘डार्विनचं एक स्पिटफायर’ करू नका. एक अनुक्रमांक निवडा आणि एक महिना निवडा. ऑस्ट्रेलियन हवाई दलाने प्रत्येक विमानासाठी ई/ई.88 नावाचं नोंदकार्ड ठेवलं होतं. विमान कधी आलं, कुठल्या तुकडीकडे गेलं, कधी मोडलं, हे त्यात सापडतं. रंग बहुधा सापडत नाही, पण शोधायचा फोटो कुठल्या तारखेचा हवा ते कळतं. मग शक्यतो त्याच विमानाचा, त्याच काळातला, दोन्ही बाजूंचा फोटो शोधा. डाव्या बाजूवरून उजवी गृहीत धरू नका.

आणि शेवटी मॉडेलच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवा. तीन ओळी पुरे: काय फोटोत दिसतं, काय हुकुमावरून घेतलं, काय माझा अंदाज. खोक्यातल्या कागदाने हेच करायला हवं होतं. त्याने केलं नाही, तर तुम्ही करा. उद्या तुमच्या भाचीने ते विमान हातात घेऊन विचारलं, ‘हे खरंच असं होतं का?’ तर ‘हो’ म्हणून मोकळं व्हायची वेळ येणार नाही. विमान उलटं करून तिला चिठ्ठी वाचायला द्या.