फुंकणी, तुतारी आणि ट्रम्पेट : आशा पुथली यांच्या जॅझ व नृत्यसंगीतातील स्त्रीस्वर

सारांश : मुंबईत जन्मलेल्या जॅझ गायिका आशा पुथली (जन्म १९४५) यांनी १९७० च्या दशकात मुक्त जॅझपासून डिस्को नृत्यसंगीतापर्यंतचा प्रवास केला. सुषिर वाद्य पुरुषाकडे आणि गाणे स्त्रीकडे ही रूढ विभागणी त्यांच्या गायनात कोठे मोडते आणि कोठे शिल्लक राहते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : जॅझ, ट्रम्पेट, डिस्को, स्त्रीस्वर, सुषिर वाद्ये, बँडपथक

प्रस्तावना :
भारतीय संगीतशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग मानले आहेत. या वर्गीकरणात वादकाच्या स्त्री-पुरुषत्वाचा विचार नाही. व्यवहाराने मात्र तो केला. मराठी घरात स्त्रीच्या श्वासाला सर्वमान्य असे एकच साधन मिळाले, ते म्हणजे चुलीपुढची फुंकणी. तुतारी, शिंग, सनई आणि पुढे बँडपथकातील ट्रम्पेट ही वाद्ये बहुतांशी पुरुषाच्याच ओठी राहिली. केशवसुतांच्या 'तुतारी'ने या वाद्याला आधुनिक मराठी कवितेत नव्या युगाच्या घोषणेचे प्रतीक केले, तरी ती हाती घेणाऱ्याची जी प्रतिमा वाचकाच्या मनात उभी राहते ती तरुण पुरुषाचीच असते. आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा ही जिजाऊंची जन्मभूमी. स्त्रीच्या पराक्रमाचे स्मरण करणाऱ्या या भूमीतही तुतारी फुंकणाऱ्या स्त्रिया विरळाच दिसतात.

हा विषय सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारणीभूत ठरला. युवा महोत्सवाच्या तयारीत एका विद्यार्थिनीने वाद्यवादनासाठी आपले नाव दिले. तिचे वडील लग्नसराईत बँडपथकात ट्रम्पेट वाजवतात आणि घरी सरावासाठी ठेवलेल्या वाद्यावर तीही शिकली होती. निवड करणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनी तिचा आवाज चांगला आहे असे सांगून तिला समूहगीतात घातले. तिचे ट्रम्पेट आमच्यापैकी कोणीही ऐकून घेतले नाही. त्या निर्णयात प्रस्तुत अभ्यासकाचाही सहभाग होता. मुलीचा आवाज चांगला असणे हे तिला वाद्यापासून दूर ठेवण्याचे कारण कसे होऊ शकते, हा प्रश्न त्यानंतर उरला.

पार्श्वभूमी :
मुंबईच्या जॅझचा इतिहास हा प्रामुख्याने पुरुष वादकांचा इतिहास आहे. १९३० च्या दशकात लिऑन ॲबी आणि क्रिकेट स्मिथ यांच्यासारखे आफ्रिकन-अमेरिकन कलावंत ताजमहाल हॉटेलात वाजवून गेले. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या गोमंतकीय वादकांनी हे संगीत आपलेसे केले. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथात हा कालखंड तपशिलाने आला आहे. 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखले गेलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले आणि 'अलबेला' (१९५१) मध्ये मराठी मनाला परिचित असलेल्या चालींत जॅझचा बाज आला. पुढे ट्रम्पेटवादक व संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना कोर्देरो या जोडीने कोकणी गीतांना जॅझची लय दिली. या सर्व उदाहरणांत कामाची वाटणी एकच आहे. ट्रम्पेट पुरुषाचे, गाणे स्त्रीचे; आणि वृंदाचे नेतृत्व बहुधा ट्रम्पेटकडे.

ही वाटणी अपरिहार्य नव्हती. अमेरिकेतील व्हलायडा स्नो (मृत्यू १९५६) या गायिकाही होत्या आणि ट्रम्पेटवादकही. नेदरलँड्सच्या सास्किया लारू यांनी तर जॅझ ट्रम्पेटला क्लबमधील नृत्यसंगीताच्या ठेक्यावर आणले. असे उभयविध कर्तृत्व मुंबईच्या परंपरेत शोधू लागल्यास हाती ट्रम्पेट घेतलेली स्त्री सापडत नाही. परंतु कंठाचेच ट्रम्पेट करणारी एक स्त्री सापडते.

कंठाचे वाद्य :
आशा पुथली यांनी मुंबईत हिंदुस्थानी रागसंगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा या दोन्ही पद्धतींचे शिक्षण घेतले. वेद मेहता यांनी 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' (१९७०) या ग्रंथात त्यांच्या जॅझ गायनाची दखल घेतली. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. निर्माते जॉन हॅमंड यांच्यामुळे त्यांची ऑर्नेट कोलमन यांच्याशी गाठ पडली आणि 'सायन्स फिक्शन' या १९७१ साली ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बममध्ये त्यांनी 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' व 'ऑल माय लाइफ' ही दोन गीते गायिली.

या दोन गीतांची रचना लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. सामान्यतः जॅझ गीतात गायिका पुढे असते. वाद्ये तिला आधार देतात आणि तिचे कडवे संपल्यावर ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन एकल वादनासाठी पुढे येतो. येथे तसे होत नाही. पुथली यांचा स्वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांच्या बरोबरीने, त्यांच्याच रांगेत उभा राहून एकच संथ स्वररेषा पुढे नेतो. खाली ड्रम्स वेगाने, जणू स्वतंत्रपणे धावत असतात. हातात धरता येईल असा ठेका नाही, समेचा दिलासा नाही. अशा ठिकाणी लांब स्वर न डगमगता धरून ठेवणे हे आलापीच्या तालमीचे फळ असावे, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. येथे रागाचे नाव नाही, मुरक्यांची आरास नाही. आहे तो केवळ श्वासाचा संयम. सुषिर वाद्यांच्या रांगेत स्त्रीचा कंठ हे आणखी एक सुषिर वाद्य होते. मुंबईच्या बँडमध्ये न मिळालेली ही जागा आहे.

कुजबुज आणि ठेका :
'द डेव्हिल इज लूज' (१९७६) या अल्बममधील 'स्पेस टॉक' हे गीत याच्या नेमके उलट टोकाला आहे. येथे ठेका ठाम आहे, बेसची आवर्तने पायांना हलवतात आणि पुथली यांचा आवाज जवळजवळ कुजबुजीवर उतरतो. हे गीत न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मन्कूसो यांच्या 'द लॉफ्ट' या नृत्यमेळ्यात लोकप्रिय झाले. १९९७ साली नटोरियस बी.आय.जी. यांच्या एका रॅप गीतात त्यातील ध्वनितुकडा वापरला गेला. पुढील पिढीतील इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनीही पुथली यांच्या गीतांची पुनर्रचना केली. त्यांची मुंबईही या वाटेपासून दूर राहिली नाही. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी सिंथेसायझर व यांत्रिक ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली, तिला आज इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या पूर्वेतिहासात स्थान दिले जाते.

'स्पेस टॉक'मधील कुजबुज हे केवळ शृंगारिक प्रदर्शन आहे, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी फेटाळता येत नाही. '१००१ नाइट्स ऑफ लव्ह' (१९८०) हे त्यांच्या पुढील अल्बमचे शीर्षकच पाश्चात्त्य बाजाराला 'पौर्वात्य स्त्री' कोणत्या रूपात हवी होती ते सांगते. शिवाय डिस्कोमध्ये अंतिम सत्ता निर्मात्याच्या मेजावर असते. कोलमन यांच्या वृंदात पुथली यांचा स्वर इतर वादकांच्या बरोबरीचा होता. येथे त्या पुन्हा 'पुढे उभी असलेली गायिका' होतात. तथापि कुजबुज म्हणजे स्वराचा अभाव नव्हे. ठेक्यापेक्षा मोठ्याने न ओरडता ठेक्याला आपल्याकडे वाकवून घेणे, यासाठीही श्वासावर तितकाच ताबा लागतो. 'सायन्स फिक्शन'मधील दीर्घ स्वर आणि 'स्पेस टॉक'मधील कुजबुज यांमागे एकच साधना आहे. बदलली ती तिची जागा, आणि ती जागा ठरवणारे हात.

म्हणून पुथली यांचे मूल्यमापन 'परदेशात गाजलेली भारतीय गायिका' एवढ्यावर थांबवणे अपुरे आहे. १९७१ मध्ये त्यांनी जे मिळवले ते १९७६ मध्ये काही अंशी निसटले, हेही मान्य केले पाहिजे. गंमत अशी की लोकप्रियता मिळाली ती दुसऱ्या टप्प्याला.

समारोप :
आपल्या भागातील बँडपथकांतही आता ट्रम्पेटशेजारी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे आणि अनेक वरातींत डीजेने बँडचीच जागा घेतली आहे. जॅझ आणि नृत्यसंगीत यांचे मिश्रण म्हणून विद्वान ज्याची चर्चा करतात, त्याचा एक ओबडधोबड अवतार आपल्या गल्लीतून उन्हाळाभर जात असतो. त्यात वाद्य बदलले, ठेका बदलला, ध्वनिक्षेपक बदलले. वाजवणारा तोच राहिला.

आशा पुथली यांनी ट्रम्पेट हाती घेतले नाही. स्त्रीचा श्वास ट्रम्पेटच्या रांगेत उभा राहू शकतो, एवढे त्यांनी सिद्ध केले. त्यापुढचे पाऊल त्यांच्याकडून अपेक्षिणे योग्य नाही; ते वाद्य हाती देणाऱ्यांकडून अपेक्षिले पाहिजे. महाविद्यालयातील सांस्कृतिक विभाग हे त्यांपैकी एक ठिकाण आहे. पुढील महोत्सवाच्या निवडीत त्या विद्यार्थिनीला समूहगीताकडे पाठवण्यापूर्वी आम्ही निदान तिचे ट्रम्पेट ऐकून घेऊ. आवाज चांगला असणे ही तिची पात्रता आहे. ती तिची मर्यादा ठरवण्याचा अधिकार आम्हास नाही.