देवळीच्या ताम्रपटातलं मोहगाव

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचा ताम्रपट नागपूरकर हौसेनं सांगतात, कारण शके ८६२च्या, म्हणजे इ.स. ९४०च्या, या पत्र्यांवर ‘नागपुर-नंदिवर्धन’ हे नाव येतं. आजच्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या तिगावच्या शेजारचा मुलूखही त्याच पत्र्यांवर कोरलेला आहे. ते फारसं कुणी बोलत नाही.

सुरुवात संस्कृत श्लोकांतल्या वंशावळीनं होते. चंद्र, मग यदू, मग एकामागून एक राजे. बराचसा भाग वरवर चाळला तरी चालेल. भाटगिरी ती भाटगिरीच. मधूनच मात्र कवी जागा होतो. चौथा गोविंद स्त्रियांच्या नजरेच्या पाशात अडकून बुडाला, हे तो धन्याच्याच घराण्याबद्दल बेधडक लिहितो. पुढे कृष्ण दक्षिणेतले किल्ले नुसत्या रागीट नजरेनं जिंकतो, आणि ते ऐकून दूरच्या गुर्जर राजाच्या मनातली कालंजर-चित्रकूटची आशा गळून पडते. किल्ले एकीकडे, पडझड दुसरीकडे, तीही मनात! एका राजाला नजरेनं बुडवलं, दुसऱ्याला नजरेनंच तारलं. ही जोडी कवीनं जाणून साधली असावी, असं मला वाटतं.

एवढा पसारा मांडून लेख एकदम गद्यावर येतो. भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी राजानं एका ब्राह्मणाला तालपुरुंषक नावाचं गाव दिलं. दक्षिणेला कंदना नदी, पश्चिमेला मोहमग्राम, उत्तरेला वध्रीर. अभ्यासकांच्या मते ही आपली कन्हान, सौसरकडचं मोहगाव आणि बेरडी. कालंजरपर्यंत पोचलेली नजर इथे गावाच्या शिवेवर येऊन थांबते, आणि खरा रस मला इथेच लागतो. अलंकार संपले, आता चूक चालणार नाही. गुर्जराच्या मनातलं कवीला काय ठाऊक, असं कुणी विचारणार नव्हतं. नदी चुकीच्या दिशेला लिहिली असती, तर दुसऱ्याच दिवशी भांडण उभं राहिलं असतं.

पुढे या मुलुखाची वाटणी झाली: १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, २०२३ला त्यातून सौसरसकट पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी आणि पटवाऱ्याचा कागद हिंदीत, असा इथला रिवाज. जमिनीच्या व्यवहाराच्या त्या कागदातही शेत ओळखायचं ते चहूबाजूंनीच: इकडे नाला, तिकडे अमक्याचं वावर. विशेषण तिथेही नसतं.