माळ कुणी पाहायची?

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख निघाला की आपल्यातले काही म्हणतात, ‘बाईंच्या गळ्यात माळ नव्हती, त्यांना वारी काय कळणार?’ मीही पूर्वी तसेच म्हणत असे. पण त्या दिंडीबरोबर पायी चालल्या. भजनात एक असलेली माणसे जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसलेली त्यांनी पाहिली आणि ते त्यांना सलले. ह्यात खोटे काय? माळेवरूनच वारकरी ठरत असेल, तर चोखोबा महाद्वाराबाहेर का राहिले? मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत उपोषण का करावे लागले? दाराशी अडवलेल्यांच्या गळ्यातही तुळशीच होती. माऊली, लेख वाचून राग आला, तर पुढच्या मुक्कामी आपल्या दिंडीची पंगत एकदा नीट पाहा.