शिलालेख चुकतो तेव्हा : रोममधला मार्कस ऑरेलियसचा स्तंभ

आपल्या मंडळात वाद रंगला की कुणीतरी शेवटी म्हणतंच, "दगडावर कोरलंय, आता बोला!" मीही हे पुष्कळदा म्हटलंय. रोममधल्या पिआत्सा कोलोन्ना या चौकात एक दुपार काढल्यापासून मात्र म्हणवत नाही.

चौकाच्या मधोमध सम्राट मार्कस ऑरेलियसचा स्तंभ उभा आहे. शेजारीच इटलीच्या पंतप्रधानांचं कार्यालय, त्यामुळे पोलिसांचा राबता. बहुतेक प्रवासी ट्राजनचा स्तंभ आधी पाहून आलेले असतात. याचा एक फोटो काढायचा आणि त्रेवीच्या कारंज्याकडे निघायचं, असा रिवाज दिसला.

जोत्यावर चारी बाजूंना ठळक लॅटिन लेख आहेत. एका बाजूचा आशय असा: आर्मेनियन, पार्थियन आणि जर्मन लोकांना जिंकून मार्कस ऑरेलियसने हा विजयस्तंभ आपले वडील अँटोनायनस पायस यांना अर्पण केला. दुसऱ्या बाजूला पोप सिक्स्टस पाचवा सांगतो की मोडकळीला आलेला हा स्तंभ मी 1589 मध्ये मूळ रूपात आणला. पहिला लेख साफ चुकीचा आहे, आणि दुसऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते पुढे पाहू.

पायसचा स्तंभ निराळाच होता. तो इथून जवळच, मोंतेचितोरिओ भागात उभा होता. तांबूस ग्रॅनाइटचा, अखंड एका दगडाचा, अंगावर काहीही न कोरलेला. त्याचं संगमरवरी बैठक-शिल्प 1703 मध्ये उकरून काढलं गेलं, ते आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्यावरचा मूळ लेख स्वच्छ सांगतो की हे स्मारक पायसच्या दोन्ही मुलांनी, म्हणजे मार्कस आणि लुशियस व्हेरस यांनी, केलं. पोपच्या लेखानंतर तब्बल 114 वर्षांनी मातीतून हा पुरावा निघाला.

मग चूक झाली कुठे? नावात. मार्कसचं सम्राट म्हणून नाव 'मार्कस ऑरेलियस अँटोनायनस' असं होतं. मध्ययुगात हा स्तंभ सान सिल्वेस्त्रो मठाच्या ताब्यात होता. तिथे 1119 चा एक लेख आहे, त्यात स्तंभ मठाच्या मालकीतून काढणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली आहे. तो लेखही याला नुसता 'अँटोनायनसचा स्तंभ' म्हणतो, आणि त्या अर्थाने तो चूक नाही. पुढच्या पंडितांनी अँटोनायनस म्हणजे पायस असं धरलं, एवढंच. आम्हा बडोदेकरांना हे समजावं लागत नाही. नुसतं 'सयाजीराव' म्हटलं की तिघांपैकी कोणते, हे विचारावंच लागतं.

मला सर्वांत भावला तो तिसरा दगड. तो 1777 मध्ये याच परिसरात सापडला, आणि त्यावर चक्क सरकारी पत्रव्यवहार कोरलेला आहे. इसवी सन 193, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं पहिलंच वर्ष. अड्रास्टस नावाचा, गुलामगिरीतून मुक्त झालेला एक माणूस या स्तंभाचा रखवालदार होता. त्याचा अर्ज असा की राहतो ती झोपडी पाडून स्तंभामागे पक्कं घर बांधू द्यावं आणि ते वारसांकडे जावं. परवानगी मिळते. विटा-कौलांची सोय होते, दहा गाड्या लाकूड सरकारी खरेदीच्या दराने मिळतं, आणि जागेचं भाडं भरायचं ठरतं. या कागदात, म्हणजे दगडात, स्तंभाचा उल्लेख 'दैवी मार्कस आणि फाउस्टिना यांचा शंभरी स्तंभ' असा येतो. शंभरी, कारण खांब 100 रोमन फुटांचा, आपल्या मापात साधारण 29.6 मीटर. म्हणजे स्तंभ कुणाचा, किती उंच आणि कोणत्या सालापर्यंत उभा झाला, हे सगळं एका रखवालदाराच्या घरबांधणीच्या अर्जातून कळतं. त्याला स्तंभाबद्दल काही सिद्ध करायचं नव्हतं, त्याला छप्पर हवं होतं. मोडी रुमालांत गवतकाडीचे नाहीतर तेलवातीचे हिशेब वाचणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल.

आता पोपचा दुसरा दावा, 'मूळ रूपात आणला'. माझी नोकरी बांधकामात गेली, म्हणून यावर बोलायचा हक्क घेतो. जुनी जमीन आजच्या फरसबंदीच्या सुमारे चार मीटर खाली आहे, म्हणजे बैठकीचा खालचा भाग गाडलेला. वरच्या भागावर शिल्पं होती, हे त्याआधीच्या चित्रकारांच्या रेखाटनांवरून कळतं. सिक्स्टसचा वास्तुकार दोमेनिको फोंताना याने ती तासून काढली आणि नवा संगमरवर बसवला. माथ्यावर सम्राटाऐवजी संत पॉल उभा केला. याला जीर्णोद्धार म्हणायचं असेल तर म्हणा. पण खांब वाचला, हेही खरं. सुमारे 3.7 मीटर व्यासाचे संगमरवरी ठोकळे, प्रत्येकाच्या पोटात जिना आधीच कोरलेला आणि वर चढवल्यावर पायऱ्या जुळलेल्या. मध्यावर एका सांध्यात ठोकळा भूकंपाने सरकलेला दिसतो, शिल्पातली माणसं तिथे तुटतात. तरी खांब उभा. दुर्बिणीतून ती फट बराच वेळ पाहत राहिलो.

शिल्पांबद्दल जाणकारांचं मत असं की ट्राजनच्या मानाने हे काम ओबडधोबड आहे. मला पटत नाही. ट्राजनची नक्षी नाजूक, पण जमिनीवरून निम्मी दिसत नाही. इथे आकृत्या मोठ्या, कोरीव खोल, सावल्या गडद. खालच्या वेढ्यांत पावसाचा चमत्कार आहे: पंख पसरलेला दाढीवाला पुरुष, त्याच्या हातांवरून वाहणारं पाणी, खाली शत्रूंच्या प्रेतांचा आणि घोड्यांचा ढीग. चष्मा असूनही मला तो चौकातून ओळखता आला. तो पाऊस कुणामुळे पडला यावर भांडण जुनं आहे. इतिहासकार डिओ इजिप्शियन मांत्रिकाला श्रेय देतो, तर टर्टुलियन ख्रिस्ती सैनिकांच्या प्रार्थनेला. शिल्पावर नाव नाही. पोपने इथेही लेख लिहिला नाही, हे बरं झालं.

हे सगळं इथे मांडण्यामागे एक कबुली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका पायविहिरीवर निबंध वाचला होता. विहिरीच्या तोंडाशी लेख होता, त्यावरून बांधणाऱ्याचं नाव आणि साल ठोकून दिलं. मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी तेव्हाच विचारलं होतं, "अहो, लेखाचा दगड आणि विहिरीचा दगड एकच आहे का?" मी हसण्यावारी नेलं. रोमहून आल्यावर पुन्हा जाऊन पाहिलं. लेखाचा दगड वेगळ्या खाणीचा आहे, सांध्याचा चुनाही निराळा. लेख ज्याचा आहे, त्याने डागडुजी केली असणार. निबंधाची दुरुस्त प्रत संकेतस्थळावर दिली आहे. त्यात बांधणाऱ्याच्या नावाची जागा सध्या कोरी ठेवली आहे, आणि त्या गावचे जुने महसुली कागद वाचायला घेतले आहेत.