व्याख्या आणि व्यंग : राजकीय उपरोधकथेसंबंधी एक टिपण

राजकीय उपरोधकथेचे प्रमुख साधन अतिशयोक्ती होय, असे आपण वर्गात सांगत आलो आहोत. प्रस्तुत टिपणात याहून वेगळे प्रतिपादन करावयाचे आहे. या प्रकारातील उत्तम कथा वास्तव फुगवीत नाही. शासनाच्या शब्दव्यवहाराचे ती काटेकोर अनुकरण करते.

कृष्णचंदर (१९१४–१९७७) यांची ‘जामुन का पेड़’ ही कथा घ्यावी. सचिवालयाच्या आवारात वादळाने जांभळीचे झाड पडते व त्याखाली एक माणूस दबतो. झाड उचलले की तो सुटेल, हे उघड आहे. पण झाड कोणत्या खात्याचे, हे ठरल्यावाचून त्यास हात लावता येत नाही. कृषिखात्याच्या मते ते फळझाड, म्हणून उद्यानखात्याचे. दबलेला माणूस कवी निघताच प्रकरण संस्कृतिखात्याकडे जाते. वनखात्याची माणसे झाड तोडावयास येतात, तो ते परक्या देशाच्या पंतप्रधानांनी लावलेले असल्याचे निष्पन्न होते. अखेर मंजुरी मिळते, फाईल पूर्ण होते. तोवर माणूस मेलेला असतो. येथे कोणी लाच घेत नाही, कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी तर्कशुद्ध आहे. कथानक पुढे सरकते ते व्याख्यांच्या बळावर. २०१९ मध्ये ही कथा आयसीएसईच्या दहावीच्या हिंदी अभ्यासक्रमातून वगळण्यात आली, यावरून तिची धार बोथट झाली नसल्याचे दिसते.

ही तर्कपद्धती मराठीस नवी नाही. विदर्भात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये तीच योजिली : गृहीतक गंभीरपणे मान्य करावयाचे आणि नियमाबरहुकूम हास्यास्पद निष्कर्षाप्रत जावयाचे. मात्र त्यांचा रोख मुख्यतः सामाजिक रूढींवर होता.

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाकडे वळू. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे तृणकुलातील, म्हणजे गवत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ या संज्ञेत त्याचा समावेश केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तोच बांबू गौण वनोपजात घातला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू वाहून नेण्याचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडले. ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. त्यातही ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, याच वनांतील बांबूपासून बल्लारपूरच्या गिरणीत कागद होत असे. गवतास झाड ठरविणारा शब्द ज्या कागदावर टिकून राहतो, तो कागदही त्या गवताचाच! यात कथाकाराने वाढवावे असे काय उरते? अतिशयोक्तीचा निकष येथे कोलमडतो, आणि कृष्णचंदरांची कथा कल्पित न वाटता दप्तरातील नोंदीसारखी वाटू लागते.

याच संदर्भात आपल्या ग्रामीण विनोदी कथेची एक मर्यादा नोंदविणे अवश्य आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावकीचे, पंचायतीचे व पुढारीपणाचे व्यंग मार्मिकपणे टिपले, हे निर्विवाद. परंतु त्यांच्या अनुकरणातून जी कथा रूढ झाली, तीत हसू पुष्कळदा बोलीस चिकटले. सरकारी शब्द खेडुताच्या तोंडी मोडला की वाचक हसतो. मूळ सरकारी शब्द मात्र निर्दोष सुटतो. ‘डोळा’स ‘डोरा’ म्हणणाऱ्या झाडीबोलीच्या, अथवा माडिया बोलणाऱ्या माणसाच्या वाट्यास हेच हसू आले, तर तो उपरोध सत्तेवर न होता सत्तेच्या बाजूने होईल. बांबूस गवत म्हणणाऱ्याची भाषा अशुद्ध असेल. त्याचे विधान शुद्ध होते.

तेव्हा वनप्रदेशातील राजकीय उपरोधकथेचे मूल्य ठरविताना ती किती हसविते, हा प्रश्न दुय्यम मानावा. हसू कोणत्या भाषेच्या खर्चाने निर्माण झाले, हा प्रश्न प्रथम विचारावा. शासकीय मराठीची व्याकरणशुद्ध विसंगती, तिच्यातील कर्मणी प्रयोग व कर्त्याचा लोप, हे या कथेचे खरे द्रव्य होय. ‘परवाना नाकारण्यात येत आहे’ या वाक्यात नाकारणारा कोठेच नसतो. त्यास शोधून काढणे हेच उपरोधकाराचे कार्य.