हान्सचे अवधान

फ्रँकफुर्टचे वैद्य हाइन्रिख हॉफमान यांचा ‘श्ट्रुव्हेलपेटर’ हा बालकाव्यसंग्रह १८४५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढे समाविष्ट झालेला हान्स ढग व पाकोळ्या न्याहाळीत चालतो आणि अखेर नदीत पडतो. तो वाचतो, दप्तर मात्र वाहून जाते आणि मासे हसतात. त्याच संग्रहातील चुळबुळ्या फिलिपचा दोष सर्वांना जाचतो. हान्सचा दोष हानीनंतरच ध्यानी येतो.

अतिचंचलतेवाचूनही अवधानदोष संभवतो, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली मान्य केले. तथापि त्यासाठी योजिलेली ‘न्यूनता’ ही संज्ञा समर्पक नव्हे. हान्सपाशी अवधान विपुल आहे. ते इच्छेनुसार वळविणे त्याला साधत नाही. हॉफमान यांचे निरीक्षण अचूक, परंतु उपहास अन्याय्य होय. उपहासाने अवधान वळत नाही. लज्जा तेवढी वाढते.